चार पौंडी दोरा

सुभेदार गणपतराव माझ्या दुकानात शेवटचे आले ते घड्याळ बंद पडल्याची तक्रार घेऊन. कऱ्हाडच्या पेठेत माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं, आणि त्यातली एक जागा गेली सात वर्षं सुभेदारांनी अडवलेली. स्टूल होतं, पण त्यावर ते कधी टेकले नाहीत. त्या दिवशीही उभ्याउभ्याच त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून काचेवर ठेवलं. "बगा, का रुसलंय." मी झाकण उघडून भिंगातून पाहिलं. आत काही बिघाड नव्हता, नुसती चावी संपली होती. "सुभेदार, चावी द्यायला विसरलात," मी म्हणालो. त्यांनी आपल्या उजव्या हाताची बोटं एकमेकांवर घासली. "इसरलो न्हाई, गड्या. दिली असं वाटलं." चावी देताना आतल्या चाकाचे दात बोटाला बारीक कुरकुर लागतात, त्यावरूनच माणसाला कळतं की चावी बसते आहे. सुभेदारांच्या बोटांना ते लागत नव्हतं. दोन वर्षं जे सांगायचं राहिलं होतं ते माझ्या अगदी जिभेवर आलं… आणि तेवढ्यात एक बाई गजराचं घड्याळ घेऊन पायरी चढल्या. "ठेवून जा, तेल घालून ठेवतो," एवढंच मी सुभेदारांना म्हणालो. नवव्या दिवशी मी दुकानाच्या फळ्या काढत असताना शेजारच्या अण्णा सोनारांनी सांगितलं की सुभेदार गेले. सकाळी कोयनेच्या काठानं चालायला निघालेले, वाटेतच छातीत कळ आली.

याला आता दीड महिना होतो आहे आणि माझ्या हाताला चैन नाही. घड्याळजीचा हात हलला की संपलंच. परवा एका मास्तरांच्या घड्याळाचं केसासारखी बारीक कमान माझ्या चिमट्यातून निसटून वेडीवाकडी झाली. गेल्या वीस वर्षांत असं झालं नव्हतं. बायको म्हणते, चार दिवस दुकान बंद ठेवा. पण घरी बसवतही नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. वर्तमानपत्राच्या या पुरवणीत लोक आपल्या गेलेल्या माणसांचं भलं लिहितात. मीही सुभेदारांचं भलंच लिहिणार आहे, माझं मात्र तसं लिहिता येणार नाही.

मासे धरणारा माणूस म्हटलं की आपल्याला काठावर गळ टाकून तासन्‌तास बसलेला कुणीतरी दिसतो. सुभेदारांना हे चित्र सांगितलं की ते खवळायचे. त्यांच्याइतका चुळबुळ्या माणूस मी पाहिला नाही. जेवताना उठायचे, बोलताना फेऱ्या मारायचे, एसटीत जागा मिळाली तरी दांडी धरून उभे राहायचे. फौजेत असताना उत्तरेच्या डोंगरात एका कॅप्टनसाहेबांबरोबर ते थंड पाण्याच्या ओढ्यांवर जायचे. साहेबांची मासे धरायची तऱ्हाच निराळी होती. गांडूळ नाही, पीठ नाही, बसणं तर नाहीच. धातूची चिमुकली चकती, तिला गळ, ती लांब फेकायची आणि रीळ फिरवत ओढून घ्यायची. पाण्यात ती भिरभिरते आणि माशाला वाटतं, काहीतरी जिवंत पळतं आहे. एक फेक झाली की चार पावलं पुढं, की पुन्हा फेक. दिवसभर चालायचं. सुभेदार म्हणायचे, "देवानं माज्यासाठीच काढलेली इद्या हाय ही." पेन्शनीवर निघताना साहेबांनी आपली काठी आणि रीळ त्यांना देऊन टाकलं. पाच फुटांची, पेन्सिलीएवढ्या जाडीची काठी. ती घेऊन ते मलकापूरच्या पलीकडे आपल्या गावी उतरले तेव्हा पाराखालच्या मंडळींनी विचारलं म्हणे, "सुभेदार, हिनं काय उवा काढताय व्हय?"

त्या रिळाची स्प्रिंग तुटली म्हणून ते माझ्याकडे आले. सत्तर-एकाहत्तरचा उन्हाळा असेल. रुमालाची गाठ सोडून त्यांनी ते यंत्र काचेवर ठेवलं आणि म्हणाले, "पुण्याला दावलं, मुंबईला दावलं. समदे म्हंत्यात फेकून द्या. तुमीबी तेच म्हणणार आसाल तर येळ घालवू नका." असं बोललं की मला राग येतो, आणि राग आला की माझं काम चांगलं होतं. गजराच्या घड्याळाची पट्टी तापवून, वाकवून, पुन्हा तापवून दोन दिवसांत मी स्प्रिंग बसवून दिली. त्यांनी रीळ कानाशी धरून फिरवलं. मग माझ्या मोडक्या घड्याळांच्या डब्यात हात घालून एका जुन्या घड्याळाचं पाठचं झाकण उचललं. "हे इकायचं हाय का?" त्या झाकणाची आम्ही पहिली चकती केली. पुढं किती झाकणं पाण्यात गेली त्याला गणती नाही. ज्यांची घड्याळं माझ्याकडे मरून पडली होती त्या गिऱ्हाइकांना हे ठाऊक नाही, आता कळेल.

सामान निवडण्यात सुभेदार सोयरीक जमवणाऱ्या बापापेक्षा चिकित्सक होते. काठी, दोरा, चकती ही तिन्ही एका अंगलटीची पाहिजेत, यावर त्यांचा सगळा भर. "नवरी शेलाटी आन् सासू पैलवान, नांदंल का?" चकती पाव तोळ्याच्या आत हवी. त्यासाठी आम्ही अण्णा सोनारांचा काटा मागायचो आणि अण्णा दर वेळी विचारायचे, "हा दागिना कुणाच्या गळ्यात?" कडक ऊन आणि नितळ पाणी असेल तर चकती काळवंडलेली घ्यायची, लखलखीत चकतीला मासा बिचकतो. आभाळ असेल किंवा धरणातून पाणी सोडून कोयना गढूळली असेल तर घासून चकचकीत केलेली. आणि दोरा चार पौंडी. चार पौंडांच्या ओझ्यानं तुटेल असा, एक मिलिमीटरचा पाचवा हिस्सा जाडीचा. पाव तोळ्याची चकती जाड दोऱ्याला ओढत नेऊ शकत नाही, अर्ध्या वाटेतच पडते. हे मला कुणी शिकवलं नाही असं मी म्हणू शकत नाही. सुभेदारांनी शंभरदा शिकवलं होतं.

पण बारीक दोऱ्याचं खरं कारण दुसरंच होतं. ते त्यांनी मला वर्षभरानं सांगितलं. आम्ही पाटणच्या अलीकडे कोयनेच्या एका डोहावर होतो. माझं दुकान सोमवारी बंद, त्यामुळे सोमवार हा आमचा वार. एका हिवाळ्यात वरच्या ठाण्यावर बर्फात अडकलेल्या जवानांना वर ओढताना सुभेदारांचा हातमोजा दोराबरोबर गेला होता. माणसं वर आली, पण उजव्या हाताच्या बोटांची टोकं मेली. मेणासारखी पिवळट दिसायची. सुई टोचली तरी कळत नसे. "ह्या बोटाला थोडं हाय अजून," पहिलं बोट दाखवत ते म्हणाले. चकती फेकताना दोरा त्याच बोटावर धरतात आणि ऐन वेळी सोडतात. "जाड दोऱ्यात कायबी लागत न्हाई. बारीक आसला की पाण्यातलं पान लागतं, खडा लागतो. मासा लांबच ऱ्हायला, नुस्ता चाटून गेला तरी हितं कळतं. दर सोमवारी बगून घ्येतो, हाय का अजून." मी मान हलवली. पण मी घड्याळजी आहे, मला बोटांचं नसणं काय असतं ते कळलं नाही. मला वाटलं, म्हातारा वेळ काढायला काहीतरी सांगतो आहे.

त्यांना गाठी मारता येत नसत, म्हणून दोरा गुंडाळायचं आणि चकती बांधायचं काम माझ्याकडे होतं. जवळचं दिसायला चष्मा लागायचा, तो घालायची त्यांना लाज. नवा दोरा आणला की मी तो माझ्या मायक्रोमीटरमध्ये धरायचो. ते विचारायचे, "माप बरूबर?" मी म्हणायचो, "बरोबर." मगच दोरा रिळावर जायचा. हा आमचा रिवाज होता. इतक्या वर्षांत त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. दुसरं काही नसलं तरी घड्याळजीचं माप खोटं नसतं, अशी त्यांची समजूत होती.

त्या डोहात एक मोठी खडस होती. शहरातले लोक त्या माशाला महसीर म्हणतात. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ती सुभेदारांच्या चकतीला लागली. काठी अर्धगोल वाकली, रीळ किंचाळत सुटलं, सुभेदार गुडघाभर पाण्यातून तिच्यामागं धावत होते आणि मी काठानं ओरडत धावत होतो. पाच-सात मिनिटं झाली असतील. मग खडकाला घासून दोरा तुटला. सुभेदार पाण्यातच इकडून तिकडे फिरत राहिले. परतीच्या एसटीत ते एक शब्द बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांचं बोलणं थांबेना. दुकानात येरझाऱ्या घालत तेच तेच सांगायचे. ती कशी वळली, कशी थांबली, शेपटी कशी मारली. "तुटला रं तुटला, पर तुटताना कळलं. बोटात कळलं." अण्णा सोनार आपल्या दुकानाच्या फळीवरून म्हणायचे, "घड्याळजी, तुमच्या सुभेदारांना सोन्याची चकती करून द्या, म्हणजे मासा लाजून येईल." पेठेत हसं व्हायला लागलं. सुभेदारांना त्याचं काही नव्हतं. ते मला झोंबलं. मला वाटलं, मासा गेला म्हणून या माणसाचा जीव थाऱ्यावर नाही. पुन्हा तसाच गेला तर हा वेडा होईल. आणि खरं सांगायचं तर ती खडस अण्णांच्या फळीवर नेऊन आपटावी, असं मलाच वाटत होतं.

पुढच्या हंगामाआधी मी बहिणीकडे सांगलीला गेलो. तिथं जाळी-दोऱ्याच्या दुकानात सुभेदारांना हवा तसा परदेशी दोरा मिळायचा. त्यांनी एकच सांगितलं होतं, चार पौंडी. दुकानदारानं दोन रिळं पुढं ठेवली, चार पौंडी आणि दहा पौंडी. मी दोन्ही घेतली. परत येताना एसटीत, सांगली ते कऱ्हाड, मी मनाशी वाद घालत होतो आणि प्रत्येक फाट्यावर जिंकत होतो. दहा पौंडी दोरा दिसायला तसाच. त्यांच्या बोटांना फरक कळणार नाही. मासा लागला, बाहेर आला, की मग सांगून टाकू, दोघं हसू. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासमोर मायक्रोमीटर फिरवलं. त्यावर दीडपट जाडी दिसत होती. "माप बरूबर?" त्यांनी विचारलं. "बरोबर," मी म्हणालो. चार पौंडी दोरा मी खणात मागं सारला आणि वर सुट्या काट्यांचा डबा ठेवला.

पहिल्या सोमवारी चकती नेहमीच्या निम्म्या अंतरावर पडायला लागली. जाड दोरा पाण्यावर वेटोळी घेऊन सैल पडायचा. सुभेदारांनी दोऱ्याला दोष दिला नाही, तो मी मोजलेला होता. "बोट कवा सुटतंय तेच कळंना झालंय," ते म्हणाले. दुसऱ्या सोमवारी ते फेकायचे, थांबायचे, डोळे मिटायचे आणि बोट दोऱ्यावर दाबून उभे राहायचे. ज्या माणसाला मी कधी स्थिर पाहिलं नव्हतं तो त्या दिवशी पाण्यात खांबासारखा उभा होता. मला पळून जावंसं वाटलं. एका छोट्या माशानं चकती धरली होती, ते मला काठावरून दिसलं, त्यांना कळलं नाही. तिसऱ्या सोमवारी दुपार व्हायच्या आतच त्यांनी काठी आवरली. "संपलं गड्या. ह्येबी बोट गेलं."

तेव्हा सांगायला काय झालं होतं? एक वाक्य होतं. सुभेदार, बोट गेलं नाही, मी दोरा बदलला. मी काय म्हणालो ते लिहायला हात जड झाला आहे, पण लिहितो. मी म्हणालो, "वयानं होतं असं."

त्यानंतर काठी त्यांच्या घरच्या माळ्यावर गेली. सोमवारी ते नुसतेच नदीकडे जायचे, हात पाठीमागं धरून, आणि झपाझप चालत राहायचे. बाकीचे दिवस दुकानात. मी दर आठवड्याला ठरवायचो, आज सांगू. पण खोटं शिळं झालं की त्याला वास येतो, माणूस झाकण काढायलाच घाबरतो. कधी वाटायचं, गुपचूप दोरा बदलून द्यावा आणि म्हणावं, एकदा फेकून बघा. एकदा म्हणालोही, "सुभेदार, या सोमवारी जाऊ या का?" ते म्हणाले, "मेल्या बोटाला कितींदा मारायचं?" त्या घड्याळाच्या चावीमुळं तर मी आणखीनच घोटाळ्यात पडलो आहे. बोटं खरोखरच मरत चालली असतील, तर माझा दोष थोडा कमी होतो. पण ती तेव्हाच मेली होती की नंतर, हे आता कोण सांगणार? मी स्वतःला पटवायला बघतो आणि पटत नाही. रोज हेच.

तेराव्यानंतर काही दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. वैनी अंगणात तांदूळ निवडत होत्या. मला पाहून उठल्या, आत गेल्या आणि जुन्या धोतरात गुंडाळलेली काठी आणि डबा घेऊन आल्या. "भावजी, हे तुमाला द्याया सांगून ठिवलं व्हतं. म्हणायचं, माजी बोटं गेली, वसंतरावाची शाबूत हायत. त्यालाच द्यायचं."

तिथं मात्र मला राहवलं नाही. उभ्यानंच मी त्यांना सगळं सांगितलं. सांगलीचं, मापाचं, वयानं होतं म्हणालो त्याचं. सूप मांडीवर घेऊन त्या खडे वेचत राहिल्या. मग म्हणाल्या, "दोन वरीस सकाळच्याला च्याचा पेला मुठीत धरून बसायचं. मी म्हणायची, आवं, भाजंल. तर म्हणायचं, तेच बगतोय."

मी धोतराची सुटलेली घडी काठीभोवती पुन्हा गुंडाळत होतो.

"मासा नको व्हता त्यास्नी," वैनी म्हणाल्या. "एवढी वर्सं संगं फिरला, एवढंबी कळलं न्हाई तुमाला? तवाच सांगाया पायजे व्हतं." त्यांचा आवाज चढला नाही. थोड्या वेळानं त्या उठल्या आणि चहा टाकला. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही. चहाचा पेला हातात घेतला तेव्हा तो फार गरम होता. मी तो खाली ठेवला नाही.

गेल्या सोमवारी मी काठी घेऊन एकटाच त्या डोहावर गेलो. आदल्या संध्याकाळी दहा पौंडी दोरा रिळावरून उतरवून चुलीत टाकला, खणातला चार पौंडी काढला, मापात धरला. एक मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. चकती घेतली ती आमची पहिलीच, झाकणाची, कडेला सुभेदारांनी दातानं चावून बघितल्याची खूण अजून आहे. ऊन कडक होतं, पाणी नितळ, म्हणून ती घासली नाही. मला फेकायला नीट येत नाही, तरी ती डोहाच्या मध्यापर्यंत गेली. मी बोट दोऱ्यावर ठेवलं… आणि थक्क झालो. एवढी वर्षं मी नुसता गाठी मारत होतो, दोऱ्यावर बोट कधी ठेवलंच नव्हतं. चकतीची भिरभिर लागत होती. ती गवताला घासली ते लागलं, खड्यावरून उडाली ते लागलं, कुणीतरी बारकासा मासा तिला हुंगून मागं फिरला तेसुद्धा लागलं. दर सोमवारी त्यांना एवढं सगळं मिळत होतं. मी चकती ओढून घेतली, पुन्हा फेकली नाही आणि पुढच्या एसटीनं परत आलो.

काठी आता दुकानात कोपऱ्यात उभी आहे, स्टुलाशेजारी. सुभेदारांचं घड्याळ माझ्याकडेच राहिलं आहे. वैनींना द्यायला नेलं होतं, त्या म्हणाल्या, तेल घालतो म्हणाला व्हता ना, घाला मग. ते मी खिळ्याला टांगलं आहे. कुणी विचारलं तर सांगतो, गिऱ्हाइकाचं आहे. सकाळी फळ्या काढल्या की आधी त्याला चावी देतो, सावकाश, एका वेळी एक फेर, आणि आतल्या चाकाचा दात बोटाला लागतो का ते बघतो. लागतो. एकूण एक दात लागतो.